बुखारीचा धूर

८ जानेवारी १९९९. पहाटे मी मागच्या दारी बंब पेटवत होते. लाकडं ओली, धूर सगळा घरात, आणि आत आमचे हे खोकत होते. खोकता खोकताच शर्टाला इस्त्री चालली होती. सैन्यातून आलेला माणूस, दम लागला तरी कडक घडीशिवाय घराबाहेर पडायचा नाही.

त्या दिवशी लष्करी दवाखान्यात त्यांची फेरतपासणी होती. निवृत्तीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, "कोई तकलीफ?" हे म्हणाले होते, "नहीं साब." फुप्फुसं बिघडलेली दिसत होती, पण ती नोकरीमुळे बिघडली असं कुठे आलंच नाही आणि अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली. मग अंबडच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली. जिना चढवेना म्हणून तीही सुटली. आता ही शेवटची संधी होती.

बसमध्ये मी बजावलं, "आज बुखारीचं सांगायचं." बुखारी म्हणजे बर्फातल्या बंकरमध्ये ऊब यावी म्हणून पेटवायची रॉकेलची लोखंडी शेगडी.

"सगळेच झोपायचे त्या धुरात. मी एकट्याने काय रडायचं?"

"रडू नका. सांगा."

"बघू."

त्यांचं 'बघू' म्हणजे नाही, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

तपासणीच्या खोलीचं दार उघडं होतं. मी बाहेर बाकावर बसले. नळीत फुंकून झालं, छाती तपासून झाली. डॉक्टरांनी विचारलं, "वहाँ ऊपर कोई परेशानी थी?"

"नहीं साब. सब ठीक."

मी उठले आणि सरळ आत गेले.

"साहेब, यांना विचारू नका. विचारलं की हे ठीकच म्हणतात. हुकूम करा."

परेडमध्ये घुसलेल्या म्हशीकडे बघावं तसे हे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरांना मराठी येत असावं. ते हसले, मग चेहरा सरळ करून खणखणीत आवाजात म्हणाले, "जवान! बंकर की पूरी रिपोर्ट दो."

हे ताठ झाले आणि बोलू लागले. वारा येऊ नये म्हणून बुजवलेली प्रत्येक फट, रात्रभरचा धूर, सकाळी काळी थुंकी. शेजारी झोपलेला एक जण सकाळी उठलाच नाही. त्यानंतर हे रात्री मधूनच उठून एकेकाच्या नाकाशी हात धरायचे.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. घरीही हे रात्री उठून पोरांच्या तोंडाशी हात धरत. मला वाटायचं, डास हाकलतात.

"पहले क्यों नहीं बताया?"

"हुकुम नहीं था, साब."

डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "बीमारी सर्विस की है. यही लिख रहा हूँ." पेन्शन मंजूर व्हायला पुढे पावसाळा उजाडला, पण काम त्या खोलीतच झालं होतं.

परतताना बसमध्ये यांनी शर्टाची घडी नीट केली. मग म्हणाले, "तू सुभेदार व्हायला पाहिजे होतीस."

"तिकडं कशाला? तुम्हाला सांभाळते ते काय कमी आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंब पेटवलाच नाही. भंगारवाल्याची हाक आली तेव्हा त्याच्या गाडीवर चढवून दिला, आणि यांच्या अंघोळीचं पाणी गॅसवर ठेवलं.