चोविसातले दोन

२५ मे २००६, गुरुवार. जर्मनीत हिमेलफार्टची, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाची, सुट्टी होती, म्हणून फ्रीझर साफ करायला काढला. मटाराची पाकिटं, खवलेला नारळ, सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेला गोडा मसाला, सगळं एका टबात भरून त्यावर जाड गोधडी टाकली होती आणि मी लाकडी उलथन्याने बर्फ सोडवत होते. नवरा बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे बसला होता. तीन माणसं घेऊन एक यान अवकाशस्थानकाकडे निघालं होतं आणि त्या दुपारी ते स्थानकाला जोडलं जाणार होतं. असलं काही असलं की तो क्रिकेटची मॅच बघितल्यासारखं बघतो आणि मधूनमधून स्वयंपाकघरात येऊन धावसंख्या सांगतो.

तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "अगं, थांबवलंय. दोन थ्रस्टर बंद पडले म्हणतायत."

मी उलथनं खाली ठेवलं. त्या थ्रस्टरशी माझा संबंध होता. फार मोठा नव्हता, पण होता.

मी हॅनोव्हरमध्ये एका संशोधनसंस्थेत प्रयोगशाळेची कामं बघत असे. पुण्यात इंजिनिअर होते, इथे तंत्रज्ञ झाले. त्याबद्दल लोक हळहळतात, मी नाही. काम हातानं करायचं होतं आणि ते मला आवडायचं. थ्रस्टर म्हणजे यानाला जरा डावीकडे, जरा उजवीकडे ढकलणारी छोटी इंजिनं. स्थानकाच्या जवळ जाताना सगळी भिस्त त्यांच्यावर. प्रत्येकाच्या मानेवर तापमान मोजणारा एक बारीक सेन्सर चिकटवलेला असतो. झडप गळायला लागली की बाहेर पडणारं इंधन उडून जाताना मान गार पडते. सेन्सर ते सांगतो आणि संगणक कोणाला न विचारता तो थ्रस्टर बंद करतो. हे बरोबरच आहे. इंधन विषारी, शिवाय पेट घेणारं. स्थानकाच्या तोंडाशी ते गळत असलेलं कोणाला चालेल?

प्रश्न एवढाच, की सेन्सर खरं बोलतोय का. आदल्या वर्षी आम्ही तेच तपासलं होतं. जर्मनीच्या दक्षिणेतल्या, हे थ्रस्टर बनवणाऱ्या एका कंपनीने ते काम आम्हाला दिलं होतं. निर्वात पेटीत सेन्सर ठेवायचे, गोठवायचे, तापवायचे, पुन्हा गोठवायचे. चोवीस सेन्सर मी माझ्या हाताने चिकटवले होते. चिकटवण्याची पद्धतही मीच लिहून दिली होती आणि कंपनीने पुढे तीच वापरली. त्या चोवीसपैकी दोघांचा गोंद काही फेऱ्यांनंतर कडेने सुटला. सुटल्यावर ते मानेचं तापमान मोजेनात, आजूबाजूची थंडी मोजायला लागले. म्हणजे गळती नसताना गळतीसारखा आकडा. मी वहीत दोघांचे क्रमांक, फेरी, वेळ, सगळं लिहिलं आणि फोटो चिकटवला.

त्या मोजमापांवर अहवाल लिहायचं काम आमच्याकडच्या पीएच.डी.च्या मुलीचं होतं. नाशिकची, अठ्ठावीस वर्षांची, हुशार. माझ्याकडे दर रविवारी जेवायला यायची. मला काकू म्हणायची, नवऱ्याला काका. वहीतलं पान मी तिला दाखवलं होतं आणि हे अहवालात ठळक घाल असं सांगितलं होतं. "हो काकू, घालते," ती म्हणाली होती.

नवऱ्याने थ्रस्टरचं सांगितलं त्यानंतर दहा मिनिटांत तिचा फोन आला. मला वाटलं, ती सांगणार की वही काढायला संस्थेत जाऊ या. ती म्हणाली, कंपनीतल्या माणसाने तिला फोन केला होता, अहवालावर तिचं नाव आहे म्हणून. त्याने विचारलं, गळती नसताना हे सेन्सर कमी तापमान दाखवू शकतात का? ती नाही म्हणाली.

मी विचारलं, "नाही म्हणालीस?"

"अहवालात तसंच आहे ना काकू."

मग कारण बाहेर आलं, तुकड्यातुकड्यांनी. ते दोन सेन्सर तिने काढून टाकले होते. त्यांच्यामुळे आलेख विस्कटत होता आणि प्रोफेसर प्रत्येक विस्कटलेल्या रेघेवर तास तास घालवतात. म्हणून तिने बाविसांचाच अहवाल लिहिला, जणू चिकटवलेच बावीस होते. तीन आठवड्यांनी तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती आणि प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या बाविसांवर उभं होतं. तिने फोन केला होता तो चूक दुरुस्त करायला नाही. कंपनीने उद्या मलाही फोन केला, तर मी काय सांगणार, हे तिला जाणून घ्यायचं होतं.

मी तिला वीस मिनिटांत संस्थेत यायला सांगितलं आणि फोन ठेवला.

नवरा दारात उभा होता. त्याने अर्धं ऐकलं होतं, अर्धं माझ्या तोंडावरून ओळखलं. म्हणाला, "जरा गोडीने घे. पोरीचं वर्ष जाईल. परक्या देशात एकटी आहे ती."

"आणि ते तिघं वर काय सासुरवाडीला गेलेत? अहो, फ्रीझरखाली फडकं टाका, पाणी लाकडी पार्केटवर जाईल."

ट्राममध्ये बसल्यावर मला तिचा राग येत होता, पण त्याहून जास्त दुसऱ्याच गोष्टीचा. त्या अहवालावर मोजमाप करणारी म्हणून माझीही सही होती.

ती कशी झाली, ते सांगते. आमच्याकडे नियम होता. ज्याने हाताने मोजलं त्याने अहवाल वाचायचा आणि मग सही करायची. एकदा एक जर्मन सहकारी असाच शेवटचं पान घेऊन आला होता. मी त्याला म्हटलं, सगळी पानं दे आणि बस. दोन तास लागले. तो कॉफी पीत बसला, त्याला त्यात अपमान वाटला नाही आणि मलाही संकोच झाला नाही. ही मुलगी मात्र अहवाल घेऊन रविवारी घरी आली. मी कढी वाढत होते. तिने टेबलावर शेवटचं पान पुढे केलं, मी डाव्या हातातली वाटी खाली ठेवली आणि सही केली. आपल्या ताटात जेवणाऱ्या मुलीला "थांब, आधी वाचते" म्हणायचं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं, असं मला वाटलं. खरं तर तेवढाही विचार मी केला नव्हता. घरच्या माणसाकडे कागद मागायचा नसतो, ही सवय इतकी अंगात मुरलेली होती की पेन आपोआप चाललं. पहिल्याच पानावर 'बावीस सेन्सर' लिहिलं होतं. पहिलं पान उघडलं असतं तरी पुरलं असतं.

ती संस्थेच्या दाराशी माझ्याआधी पोचली होती. सुट्टीचा शुकशुकाट होता. मी माझ्या कपाटातून वही काढली, पान उघडलं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिने पाहिलंच नाही.

"बाविसांपैकी एकालाही असं झालं नाही, हे खरं आहे ना पण?" ती म्हणाली.

"चोवीस होते."

"ते दोन नीट चिकटलेच नव्हते काकू. ती चिकटवण्यातली चूक होती. सेन्सरचा दोष नव्हता."

"म्हणजे माझी चूक."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग लिहायचं होतंस तसं. बाईने नीट चिकटवले नाहीत, म्हणून दोन सुटले, असं माझ्या नावानिशी लिहायचं होतंस. वाचणाऱ्याला निदान कळलं असतं की हे सुटतात. वर जे बसवलेत तेही माझ्याच पद्धतीने चिकटवलेत ना?"

यावर ती रडायला लागली.  मी तिला रडू दिलं आणि वहीतल्या पानांच्या प्रती काढायला गेले. कॉपीचं मशीन गरम व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस रडून मोकळं होतं. परत आले तेव्हा ती म्हणाली, तुम्हीच करा ना फोन, तुमचं जर्मन चांगलं आहे. मी सांगितलं की नंबर मी लावते, बोलायचं तिने. माझ्या तोंडून ऐकलं तर तो माणूस आधी तिलाच फोन करून खात्री करणार आणि तेवढा वेळ वर कोणाकडेच नाही. यान ठरावीक वेळच तिथे उभं ठेवता येतं. आणखी एक थ्रस्टर बंद झाला तर परत फिरायचं, असा नियम होता, आणि परत म्हणजे थेट पृथ्वीवर.

"माझी तोंडी परीक्षा होणार नाही मग," ती म्हणाली.

"कदाचित नाही होणार."

मला वाटतं, मी काहीतरी धीराचं बोलेन अशी तिची अपेक्षा होती. मी नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

ती सुरुवातीला अडखळली. "आल्झो, म्हणजे, मघाशी मी जे सांगितलं…" इतकं म्हणून थांबली. मग एका दमात सांगून टाकलं: चोवीस होते, दोन सुटले, दोघांनी चुकीचं कमी तापमान दाखवलं, मी ते अहवालातून काढले. पलीकडचा माणूस ओरडेल असं मला वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला की फोटो आहेत का आणि किती वेळात पाठवाल. मग त्याने मला फोनवर मागितलं. वर खरंच गळती नाही ना, असं त्याने मला विचारलं. ते मला माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. सेन्सर खोटं बोलू शकतो एवढंच मी बघितलं होतं. गळती आहे की नाही, ते टाकीतल्या दाबावरून त्यांनी बघायचं. "गेनाऊ, बरोबर," तो म्हणाला आणि फॅक्सचा नंबर दिला. आम्ही अकरा पानं पाठवली. पानं ती सरकवत होती, मी मोजत होते. 

पुढचं सांगून टाकते. आमची पानं पोचली तेव्हा यान थोडं मागे घ्यायचं ठरलंच होतं. ते सुरक्षित अंतरावर गेलं आणि त्या तिघांनी त्या खुराड्यात आणखी एक दिवस काढला. टाकीतला दाब रात्रभर जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही थ्रस्टर पुन्हा सुरू केले आणि यान जोडलं गेलं. मुलीची परीक्षा आठ महिने पुढे गेली. काही मराठी बायकांनी मला हे ऐकवलंही, की आपल्याच मुलीच्या पोटावर पाय दिलास. म्हणू देत. अन्नाला जागायचं असतं ते जेवणाऱ्याने, आणि वाढणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवायचे असतात. ते मी ठेवले नव्हते, आणि त्याबद्दल मला कोणीच बोललं नाही. त्याचा राग अजून आहे.

गुरुवारी मी घरी आले तेव्हा नवऱ्याने फ्रीझर पुसून कोरडा केला होता आणि मटार चुकीच्या खणात लावले होते. कंपनीतल्या माणसाचा संध्याकाळी फोन आला. त्या मुलीचे या कामावरचे आणखी दोन अहवाल होते. पुढचा प्रयत्न करायच्या आधी, उद्या दुपारी बारापर्यंत, तेही वहीशी ताडून हवे होते. दोन्हीवर माझी सही होती. दोन्ही मी वाचले नव्हते.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी संस्थेत पोचले. आधी प्रोफेसरांना चिठ्ठी लिहिली, की तिन्ही अहवालांवरच्या माझ्या सह्या न वाचता केलेल्या आहेत आणि त्या रद्द समजाव्यात. ती त्यांच्या दाराखालून सरकवली. मग दुसरा अहवाल काढला, शेजारी वही उघडली आणि पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून सुरुवात केली. सातला ती आली. डोळे सुजलेले होते. बसू का, असं तिने विचारलं. मी खुर्चीकडे बोट केलं आणि अहवाल तिच्याकडे सरकवला. आकडे तिने मोठ्याने वाचायचे, मी वहीत बघायचे, असं सांगितलं. ती वाचायला लागली. चौथ्या ओळीवर मी तिला थांबवलं आणि तो आकडा पुन्हा वाचायला लावला.