मोहाच्या वाटेवर आत्याचं गाणं

"काही होणार नाही असं देवानं नाही सांगितलं, पोरी. एकटं सोडणार नाही, एवढंच सांगितलं." बाबांना माती दिली, त्या संध्याकाळी आत्या म्हणाली होती. मी कॉलेजात होते. तिचं ते बोलणं मला पुरेसं वाटलं नव्हतं. अजूनही रोज पुरतं असं नाही.

यंदा मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत आंबागडच्या जंगलात वाघ फिरतोय, असं ती फोनवर सहज बोलून गेली आणि मी तिला नागपूरला आणायचं ठरवलं. नर्सची नोकरी संपल्यापासून ती तिथे एकटीच राहते.

एसटीनं भंडारा, मग तुमसर. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. भंडाऱ्याच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या. तुमसरहून आंबागडला शेअर ऑटो मिळतो, पण भरल्याशिवाय हलत नाही. दुपार टाळा, ऊन भाजून काढतं.

आत्यानं लाखोळीची डाळ आणि भात वाढला, ताटावर प्रार्थना केली. मी विषय काढताच म्हणाली, "सकाळी मोहाले चल माह्यासंग, मंग बोलू."

उजाडता उजाडता चार-पाच बायका टोपल्या घेऊन दाराशी आल्या. शेजारच्या कौसल्याबाई ओरडल्या, "सिस्टरबाई, लावा तुमचा रेडिओ!"

आत्या सगळ्यांच्या पुढे झाली आणि भसाड्या आवाजात प्रभूचं गीत सुरू केलं.

"एवढ्या जोरात कशाला?" मी विचारलं.

"देवाले हळू म्हटलंही आयकू येते. वाघाले नाही येत."

"वाघ काय, आमचे नवरेही पळतेत हे आयकून," कौसल्याबाई म्हणाल्या.

झाडांखाली पिवळट फुलांचा सडा होता. बायका वाकून भराभर वेचू लागल्या. वाकलेल्या माणसावर वाघ येतो म्हणतात. आत्या मात्र उभीच, चहूकडे बघत, गात.

"तुझी टोपली?"

"मले कायले पाहिजे मोह? पेन्शन हाय ना."

मग लक्षात आलं, ती वेचायला नाही, राखणीला येते. नाल्याच्या वाळूत वाघाच्या पंजाचा ताजा ठसा दिसला, तेव्हा गाणं क्षणभर थांबलं आणि तिनं माझा हात घट्ट धरला.

"भ्या वाटते?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"वाटते ना वं. म्हणून तर त्याचं नाव घेऊन राहिली." आणि ती पुन्हा गाऊ लागली.

ती नागपूरला आली नाही. "मी गेली तर ह्या कोणाच्या भरवशावर वाकतील?" एवढंच म्हणाली.

घरी येऊन आठवडा झाला. ओढणीला अजून मोहाचा गोडसर वास आहे. तिच्यासाठी प्रार्थना करताना मी अजूनही देवाशी सौदाच करते. पण वाकलेल्या बायकांमध्ये ती एकटी उभी दिसते आणि आपल्यासाठीही कोणी असं उभं असेल, यावर विश्वास ठेवणं थोडं सोपं जातं.

आत्ताच तिला फोनवर निरोप ठेवलाय: आत्या, जा तू. पण पुढे नको, मधे चाल. माझं एवढं ऐकशील?