'नाऊ'चा बाप कोण?

माझं लग्न एका इंग्रजी शब्दापायी मोडायला आलं होतं.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळची ही गोष्ट. मॅट्रिक पास नवरदेवाचं सासुरवाडीला केवढं अप्रूप! (गणितात कसाबसा सुटलो होतो, ते कुणी विचारलं नाही.) देऊळगाव राजाला मांडव पडला होता. चातुर्मासाआधीचा हा शेवटचा मुहूर्त. हुकला की थेट तुळशीच्या लग्नानंतर! माझी एक सोयरीक आधीच मोडलेली, त्यामुळे मी मनातून पार धास्तावलो होतो.

अंतरपाट धरलेला. पायाशी घंगाळात बारीक भोकाची वाटी तरंगत होती. ती बुडाली की मुहूर्त लागला. तिच्यावर नजर ठेवायचं काम भटजींचं. तेवढ्यात नवरीच्या मामांना, म्हणजे गावच्या शाळामास्तरांना, माझी परीक्षा घ्यायची हुक्की आली.

"जावईबापू, इंग्रजीत 'आता'ले 'नाऊ' म्हनते. हा 'नाऊ' आला कुठून?"

"इंग्लंडातून," मी ऐटीत म्हणालो.

"चूक! आपल्या संस्कृतातून! 'नु', 'नूनम्'!"

सासऱ्यांचे जिवलग दोस्त हकीमचाचा ताडकन उठले. "काऊन मास्तर? फारसीत 'नून' हाय, 'अकनून' हाय. 'नाऊ' आमचाच!"

"लॅटिनमध्येही 'नुंक' आहे," मी शहाणपणा पाजळला. "हे सगळे भाऊ-भाऊ असतील."

"मंग बाप कोन?" मामा गरजले.

झालं! भटजी घंगाळ सोडून उठले. "बाप संस्कृत! वेदात हाये!" अंतरपाट धरणारे दोघे दोन पक्षांत गेले आणि अंतरपाट एका बाजूनं लोंबायला लागला. माझे वडील ओरडत होते, "कोनताबी बाप घ्या, पन अक्षता टाका!"

नवरी मात्र मान खाली घालून उभी. "किती लाजाळू पोरगी!" माझी आत्या गहिवरली. तोच ती लाजाळू पोरगी कडाडली,

"वाटी बुडून राह्यली! बाप मागून शोधा!"

भटजींनी धावत येऊन "सावधान" ठोकलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली आणि माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला मॅट्रिकच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

पंगतीत मी हळूच तिला विचारलं, "मी हातचा जाईन म्हणून घाबरली होतीस ना?"

"तुमचं काय जी? सकाळपासून उपाशी होती मी. मुहूर्त टळला असता, तर बुंदी कोनी देल्ली असती मले?"

मॅट्रिक पास नवरदेव उठला आणि मुकाट्यानं आणखी बुंदी आणायला गेला.