चित्र उचलायची वेळ

आमची ही चित्रकार आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण "मिसेस काय करतात?" असं लोक विचारतात, मी "चित्रं काढते" म्हणतो, आणि लगेच "वा, छान छंद आहे" ऐकावं लागतं. छंद कसला डोंबलाचा! सकाळी घरीच मुलांचे चित्रकलेचे वर्ग, दुपारी शाळेच्या पुस्तकांसाठी बेडूक, फुफ्फुसं आणि ज्वालामुखी, आणि यातून जो वेळ उरेल त्यात स्वतःचं काम. आमच्या घराचा निम्मा खर्च त्या बेडकांवर चाललाय. पण बेडकांमुळे कुणी चित्रकार म्हणत नाही. त्यासाठी गॅलरी लागते, गॅलरीला चित्रं लागतात, आणि चित्रं पुरी व्हावी लागतात. आमचं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं.

हिला थांबता येत नाही. चित्र छान व्हायचं. मी म्हणत नाही, वर्गातल्या मुलांच्या आया म्हणायच्या. पण दुसऱ्या दिवशी ही त्याच्यासमोर उभी राहून म्हणायची, "एवढा एक कोपरा." कोपरा झाला की शेजारचा कोपरा वाईट दिसायला लागायचा. मग तो. असं करत करत खुर्ची असो, समुद्र असो, नाहीतर माझी सासू, सगळं शेवटी एकाच रंगावर यायचं. भिजलेल्या पुठ्ठ्याच्या. अति तिथे माती म्हणतात, आमच्याकडे ती भिंतीला लावून वाळत घातलेली असायची.

मी गोदामात होतो. माल आला की उतरवून घ्यायचा, गेला की चढवून द्यायचा. खोक्यात काय आहे ते बघायचं नाही, बघितलं की चौकशा मागे लागतात. कुठल्या बाजूने धरायचं एवढं कळलं की झालं. एका सुट्टीच्या दिवशी हिचं एक मोठं चित्र न्हाणीघराच्या वाटेत उभं होतं. ही बाजारात गेली होती आणि मला आंघोळीला जायचं होतं. मी ते उचललं आणि बाहेर जिन्यापाशी नेऊन ठेवलं. तेवढ्यात एक बाई भाचीची वर्गात विसरलेली वही न्यायला आल्या. त्या गॅलरीवाल्या निघाल्या. चित्रासमोर उभ्या राहिल्या त्या हलेचनात. मला वाटलं, वाट अडली म्हणून रागावल्या असतील. मी टॉवेल गुंडाळून आतूनच ओरडलो, "सरकवतो हो!" त्या म्हणाल्या, "सरकवू नका. मी घेऊन जाते."

ही बाजारातून आली तेव्हा चित्र गेलेलं होतं. केवढी भडकली! "अहो, ते अर्धवट होतं!" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग गॅलरीतून फोन आला, चित्र विकलं गेलं, अशीच आणखी हवीत. ही म्हणाली, "कशी?" बाई म्हणाल्या, "अशी. ताजी."

तेव्हापासून घरात पद्धत पडली. चित्र ही काढणार, उचलणार मी. मी उचललं की झालं, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. नातेवाइकांत ही कौतुकाने सांगायची, "यांना बरोबर कळतं, कुठे थांबायचं ते." मेहुणा म्हणायचा, "भावजींना चित्रातलं कळतं?" आणि मी नुसता चहाचा घोट घ्यायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खरी गोष्ट अशी की मी चित्राकडे बघतच नव्हतो. मी हिच्याकडे बघायचो. ही गुणगुणत असली की काम चांगलं चाललंय, लांब राहायचं. गप्प झाली तरी हरकत नाही. पण स्वतःशीच "नाही, म्हणजे छानच आहे" असं म्हणाली की मी पेपर खाली ठेवायचो. आणि सगळ्यात बारीक ब्रश असतो, तो एका स्टीलच्या पेल्यात असतो. त्या पेल्याचा आवाज आला की तडक आत जायचं, दोन्ही कडा धरायच्या आणि चित्र उचलायचं. ही मागून "अहो, थांबा, एकच!" म्हणत यायची. मी थांबत नसे. गोदामात इतकी वर्षं काढल्यावर माणूस ओरडण्याने थांबत नाही.

चित्रं विकली जायला लागली. थोडी थोडी, पण जायला लागली. आणि मग दाताच्या डॉक्टरांचं प्रकरण झालं.

या डॉक्टरांनी गॅलरीतून हिचं एक चित्र नेलं होतं, हिरव्या बादलीचं. हे हिच्या ध्यानीमनी नव्हतं. दाढ दुखायला लागली म्हणून ही त्यांच्याकडे गेली, तर समोरच्या भिंतीवर स्वतःची बादली. बाकावर पेशंट गाल धरून बसलेले. ही थोडा वेळ बसली, मग उठली. हिच्या पर्समध्ये रंगांची लहान डबी कायम असते. एका पेशंटकडे पर्स दिली, दुसऱ्याकडे पाण्याचा ग्लास, आणि लागली कामाला. आतून हिचं नाव पुकारलं तर म्हणाली, "पुढच्यांना घ्या." डॉक्टर बाहेर आले तेव्हा बादली पुठ्ठ्याची झाली होती.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "मला ती हिरवी आवडली होती."

"मलापण," ही म्हणाली.

दाढ त्यांनी व्यवस्थित काढली, सज्जन माणूस. पण गॅलरीवाल्या बाईंना फोन करायचा तो केलाच. बाई आमच्या घरी आल्या, चहाला नको म्हणाल्या आणि उभ्याउभ्याच बोलल्या. पुढच्या महिन्यात हिचं एकटीचं प्रदर्शन होतं, पहिलंच. ते नीट झालं तर हिची चित्रं कायम त्या ठेवणार, दरवर्षी लावणार, बाहेरगावीही पाठवणार. "पण मला पुऱ्या झालेल्या वस्तू हव्यात. परत असा गोंधळ झाला तर आपले रस्ते वेगळे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या भरवशावर सोडतेय."

 त्या रात्री ही जेवली नाही. हिने आयुष्यभर बेडूक रंगवले ते याच एका दारातून आत जाण्यासाठी, आणि ते दार आता माझ्या दोन हातांवर उघडं होतं.

मी कामाला लागलो. एकेक चित्र वेळेवर उचललं. शेवटचं तेवढं राहिलं, सगळ्यात मोठं, आमच्या बिल्डिंगच्या जिन्याचं. आणि तेवढ्यात माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. पुढे ढकलली तर परत कधी मिळेल याचा नेम नव्हता. ही म्हणाली, "डोळे आधी. चित्राचं बघू." बघू म्हणे! बघणाऱ्याचाच डोळा कापायचा होता.

ऑपरेशन झालं, पण डोळा सुजला. डॉक्टरांनी पट्टी आणखी काही दिवस ठेवायला सांगितली. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू, त्यातून खिडकी आणि कपाट यांतला फरक कळेल एवढंच दिसत होतं. वर ताकीद: वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. मी बाहेरच्या खोलीत खाटेवर उताणा, आणि आत ही जिना रंगवतेय.

आधी गुणगुणणं ऐकू आलं. मग शांतता. मग, "नाही, म्हणजे छानच आहे." माझे हात आपोआप पांघरुणाबाहेर आले. आणि पेला वाजला.

"बास!" मी ओरडलो.

आतला आवाज थांबला. ही दारात आली. "अहो, तुम्हाला दिसतंय?"

"नाही."

"मग बास कशावरून?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण पडून पडून कंटाळलो होतो आणि जरा फुशारकीही वाटली. सगळं सांगून टाकलं. गुणगुणणं, छानच आहे, पेला. म्हटलं, बघ, डोळे नसतानाही माणूस चोख काम करतोय.

"म्हणजे तुम्ही चित्र बघून उचलत नव्हता?"

"चित्रात काय बघायचंय? मी तुझ्याकडे बघायचो."

हे वाक्य मला फार छान जमलं असं वाटलं होतं. सिनेमात अशा वाक्यानंतर बायको हसते. ही हसली नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला वाटायचं, घरात एक माणूस तरी माझी चित्रं बघतोय."

"अगं, पण विकली गेली ना..."

"तुम्ही बघून उचलता म्हणून मी सोडून द्यायचे. नाहीतर कोण सोडतं?"

आणि दार लावून घेतलं. भांडी आपटली असती, मला काय काय बोलली असती, तर बरं वाटलं असतं. हिचा राग मला ठाऊक आहे, तो येतो आणि जातो. हा राग नव्हता. हिला वाईट वाटलं होतं, आणि त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

नंतरचे दिवस वाईट गेले. पेला वाजत होता. सकाळी वाजायचा, दुपारी वाजायचा. मी "बास" म्हणायचो, आतून उत्तर नाही. दोनदा उठलोसुद्धा, तर खुर्चीला अडखळलो. ही येऊन मला परत खाटेवर बसवून गेली, डोळ्यात औषध घातलं, जेवायला वाढलं, सगळं वेळच्या वेळी आणि एक शब्द न बोलता. गॅलरीवाल्या बाईंचा फोन आला, मोठं चित्र तयार आहे ना? मी म्हणालो, "सुकतंय." काय सुकतंय ते मलाच माहीत नव्हतं. जिन्याचा पुठ्ठा झाला असणार, आणि तो माझ्या तोंडामुळे झालाय, असं सारखं वाटत होतं.

पट्टी निघाली त्या सकाळीच गॅलरीचा टेंपो येणार होता. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा जग धुऊन काढल्यासारखं दिसत होतं. स्वतःचा शर्ट निळा आहे हे मला नव्याने कळलं. सरळ आतल्या खोलीत गेलो. ही पाठमोरी, ब्रश धूत होती.

"न्या उचलून," ही म्हणाली.

"उचलायची बंदी आहे."

"मग काय हवंय?"

"बघायचंय."

ही वळली नाही. मी स्टूल ओढलं आणि बसलो. चित्राकडे बघायचं कसं, हे मला खरंच माहीत नव्हतं. आधी कडा बघितल्या, सवयीने. मग मध्ये. आमचाच जिना होता. खांदे घासून घासून भिंतीला पडलेला मळका पट्टा होता, वळणावरची तुटकी पायरी होती. मधे एक हातभर भाग पुठ्ठ्याचा झालाच होता, तो या चार दिवसांतला असणार. पण बाकी शाबूत होतं. मी किती वेळ बसलो कोण जाणे. ही चहा करून घेऊन आली, कप माझ्या हातात दिला, तो गार झाला.

"मला हे आवडलं नाही," मी म्हणालो.

हिच्या हातातलं फडकं थांबलं. "काय?"

"वरचा उजेड. आपल्या जिन्यात एवढा उजेड कधी असतो? तू लोकांना बरं वाटावं म्हणून घातलायस."

"तो उजेड नाही! भिंत आहे ती!"

"भिंत अशी असते?"

"अशीच असते! रोज जाता-येता, एकदा मान वर करून बघितलंयत?"

"आणि तो मधला पुठ्ठा?"

"पुठ्ठा? ती सावली आहे! सावली कळत नाही तुम्हाला?"

"सावली कुणाची? तिथे माणूस कुठाय?"

"माणूस वर गेलाय! चित्रात सगळं दाखवायचं असतं का? गाढवाला गुळाची चव काय!"

"गाढव तर गाढव, पण उजेड खोटा आहे!"

मी स्टुलावरून उठलो होतो. ही चित्राशी बोट नेऊन मला दाखवत होती, आवाज चढला होता, गाल लाल झाले होते. मी जिन्यात जाऊन वरची भिंत बघून आलो आणि परत येऊन म्हणालो, नाहीच आहे एवढी पांढरी. ही म्हणाली, दुपारी बघा. मी म्हणालो, तू सकाळचा जिना काढलायस. आमचं एवढं कडाक्याचं भांडण लग्नानंतर झालं नव्हतं. मधे कधीतरी टेंपोवाले आले. त्यांनी "घेऊ का?" विचारलं, कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा दोन्हीकडून धरून ते चित्र घेऊन गेले. रिकाम्या जागेकडे बोट दाखवून ही म्हणत होती, "हे बघा, इथे..." आणि मग थांबली.

खालून टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला. पर्समध्ये रंगांची डबी होती, गॅलरी काही लांब नव्हती. मी हिच्याकडे बघितलं, जुन्या सवयीने. मला काहीही ओळखता आलं नाही.

"जायचंय का मागे?" मी विचारलं.

"कशाला?" ही म्हणाली. डोळे पुसले, नाक ओढलं. "बसा खाली. उजेड खोटा का वाटला, ते नीट सांगा मला."