साहेबांच्या आवाजावर अडलेलं एम.फिल.

बोलण्यात मला कधी कुणी हरवलं नाही. शाळेपासून वक्तृत्वाचे कप मी घरी आणत आलो, आणि घरात ते ठेवायला फळी नव्हती म्हणून आईनं ते धान्याच्या कणगीवर मांडले. आमच्या सगळ्या भावकीत पहिला पदवीधर मी. पहिला एम.ए. मी, आणि तेही इंग्रजीत. हा गडी ते फार मिरवतो, असं लोक म्हणतात. मिरवतोच. कुणी ताटात वाढून दिलेलं नाही ते.

पण माझी बोटं माझ्या तोंडाच्या कोसभर मागं. टाईपिंगच्या क्लासला कधी गेलो नाही, सुट्टीत रोजगाराला जात होतो. की-बोर्डवर एकेक अक्षर हुडकायचं, दाबायचं, पुन्हा हुडकायचं. तोवर डोक्यातलं वाक्य निघून गेलेलं असायचं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. तालुक्याच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो, म्हणजे आज आहे, उद्याचं माहीत नाही. ग्रामीण कॉलेजांत इंग्रजी कसं शिकवलं जातं यावर माझं एम.फिल. चालू होतं. ते वेळेत झालं तरच कायमच्या जागेसाठी तुमचा विचार करू, असं संस्थेनं तोंडावर सांगितलं होतं. विद्यापीठाची शेवटची तारीख जवळ आली होती. सामग्री सगळी डोक्यात आणि कागदाच्या चिठोऱ्यांवर तयार. कागदावर लघुप्रबंध उतरवायचा तेवढा बाकी. पैसे देऊन टाईप करून घ्यायची ऐपत नव्हती.

अशात संस्थेच्या अध्यक्षांचे अमेरिकेतले जावई सुट्टीला आले आणि कॉलेजला एक खोकं भेट देऊन गेले. आत एक सीडी, कानाला लावायचा माईक आणि जाडजूड पुस्तिका. तुम्ही इंग्रजीत बोला, कॉम्प्युटर टाईप करतो. मला वाटलं, हे माझ्यासाठीच पाठवलंय कुणीतरी.

पुस्तिका मी घरी नेली आणि डिक्शनरी शेजारी ठेवून दोनदा वाचली. कॉलेजात दुसऱ्या कुणी ती उघडलीसुद्धा नाही. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की आधी एकाच माणसानं दिलेला उतारा मोठ्यानं वाचायचा. त्या वाचनावरून मशीन त्याचा आवाज शिकतं, आणि मग त्याचंच ऐकतं.

मी प्राचार्यांकडे गेलो. "सर, तो उतारा मी वाचतो. वापरायचं मलाच आहे."

"अहो, उद्घाटन आहे की नाही?" प्राचार्य म्हणाले. "साहेबांच्या जावयानं दिलंय. पहिला मान साहेबांचा."

"सर, एकाच माणसानं वाचायचं असतं."

"मग सुरुवात साहेब करतील. बाकीचे पुढं नेतील."

उद्घाटन झालं. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग. मॉनिटरला हळदीकुंकू. नारळ बाहेर पायरीवर फोडला, पाणी उडायला नको म्हणून. माईकची पट्टी डोक्यावरून घ्यायची असल्यामुळे साहेबांनी टोपी काढायची की टोपीवरूनच लावायची, यावर बराच विचार झाला. शेवटी टोपीवरूनच लावली. इंग्रजीचे विभागप्रमुख साहेबांच्या कानाशी एकेक वाक्य पुटपुटायचे आणि साहेब ते सभेत बोलल्यासारखं ठासून म्हणायचे. टाळ्या. मग उपाध्यक्षांनी एक परिच्छेद वाचला. टाळ्या. मग सचिव, मग प्राचार्य, मग विभागप्रमुख. पडद्यावरची पट्टी सरकत सरकत भरली. आणि ज्यानं पुस्तिका वाचली होती तो मी, हातात पेढ्यांचं ताट घेऊन दाराशी उभा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बसलो. माईक लावला, माझ्या पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य खणखणीत म्हटलं. पडद्यावर जे उमटलं त्यात माझा एक शब्द नव्हता. पुन्हा म्हटलं, आणखी भलतंच. हळू म्हटलं, जोरात म्हटलं, विभागप्रमुखांसारखं नाकातून म्हणून पाहिलं. काही उपयोग नाही.

कॉम्प्युटरचे सर पुण्याहून डिप्लोमा करून आलेले. त्यांनी मान हलवली. "कडबोळं झालंय सर. पाच जणांचे आवाज एकाच फाईलीत. आता ते कुणाचंच ऐकणार नाही."

"मग माझी नवी फाईल करा."

"डिस्कवर जागा नाही. जुनी पुसावी लागेल."

"पुसा."

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. "साहेबांचा आवाज पुसू? सर, तुम्ही तासिकेवर आहात. मीही तासिकेवरच आहे. एकाच दिवशी दोघं घरी जाऊ."

प्राचार्यांकडे गेलो तर ते म्हणाले, विषय नाजूक आहे, कार्यकारिणीच्या सभेपुढं ठेवतो. सभा कधी, तर साहेबांना सवड होईल तेव्हा. मी रोज विचारायचो, ते रोज "बघू" म्हणायचे. तारीख काही बघूवर थांबणार नव्हती. घरी मी एकेक शब्द सुटा सुटा म्हणायचा सराव करत बसलो, कधी ना कधी मशीन हातात येईल म्हणून. आई धान्य निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"कुनाशी बोलतुयास रं?"

"मशीनला सांगायचा सराव करतोय."

"कालेजात येवडा वरडतूस, पोरं आयकत न्हाईत. आन् मशीन आयकनार व्हय?"

मला हसू आलं नाही. त्या दिवसांत कशाचंच येत नव्हतं.

शेवटी मीच काष्टीच्या जनावरांच्या बाजारात गेलो. साहेब दर बाजाराला तिथं येतात, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. एका खोंडाचा जबडा उघडून ते दात बघत होते. भोवती दहा-वीस माणसं. मी सरळ पुढं झालो.

"साहेब, एक काम होतं. मशीनमधला तुमचा आवाज पुसायचाय."

साहेबांनी खोंडाचा जबडा सोडला, धोतराला हात पुसले.

"माजा आवाज पुसायचाय? विरोधकांनी लई वर्सं प्रयत्न केला मास्तर, त्यास्नी न्हाई जमलं."

सगळे हसले. ते हसणं ओसरेपर्यंत मी थांबलो आणि काय झालंय ते सांगितलं. एम.फिल.चं सांगितलं, तारखेचं सांगितलं.

"मग पुसा की," साहेब म्हणाले. "तितं काय मी पवाडा गायलोय व्हय? त्या सरांनी कानात सांगितलं ते बोललो. काय बोललो ते मलाच ठावं न्हाई. येवड्यासाठी कुनी थांबतं का मास्तर?"

"मास्तर नाही साहेब. प्राध्यापक."

"बरं, पराध्यापक," म्हणाले, आणि खोंडाच्या खुरांकडे वळले.

म्हणजे ज्याच्या मानासाठी माझे सोन्यासारखे दिवस गेले, त्याला त्या मानाचा पत्ताच नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मला त्या बाजारात, त्या शेणामुतात उभं राहून ओरडावंसं वाटलं.

जुनी फाईल पुसली. उतारा मी वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या स्वतःच्या इंग्रजीत. नाकातून नाही, कुणाची नक्कल नाही. आणि मशीननं ऐकलं. सगळं नाही. दर ओळीत एखादा शब्द दुरुस्त करावाच लागायचा. पण मी बोलतोय आणि माझं वाक्य माझ्यासमोर अक्षरा-अक्षरांनी उभं राहतंय, हे बघताना पहिल्यांदा काही क्षण मी बोलायचंच विसरलो. माझ्या बोटांनी जे काम पंधरवड्यात झालं नसतं ते थोड्या दिवसांत झालं. पहिलं प्रकरण संपलं, दुसरं अर्ध्यावर आलं.

मग प्राचार्यांचं बोलावणं. मी त्यांना ओलांडून साहेबांकडे गेलो, हे त्यांच्या मनात होतंच.

"आता मशीन तुमचंच ऐकतं म्हणे. छान. मग संस्थेची इंग्रजी पत्रंही तुम्हीच सांगा त्याला."

अनुदानाची पत्रं आली. वार्षिक अहवाल आला. सचिवांच्या भाच्याचा परदेशी शिक्षणाचा अर्ज आला. विभागप्रमुखांचा चर्चासत्रासाठीचा निबंध आला. विभागप्रमुख माझ्या खुर्चीमागं उभे राहून एकेक वाक्य मला सांगायचे, ते मी मशीनला सांगायचो. मध्येच ते म्हणायचे, "जरा उच्चार नीट करा हो." मी म्हणायचो, "सर, नीट केला तर ते ऐकणार नाही." इतरांचं संपेपर्यंत माझा घसा बसलेला असायचा. मग माझं प्रकरण काढलं की मशीन पुन्हा भलतंसलतं टाईप करायचं. त्याला शिकवलेला आवाज हा नव्हताच. आल्याचा चहा झाला, खडीसाखर झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. दुसरं प्रकरण जिथं होतं तिथंच.

एका सकाळी मी प्राचार्यांच्या टेबलापुढं उभा राहिलो. "सर, तारखेपर्यंत सकाळचे तास मला द्या. संस्थेचं काम दुपारनंतर करीन."

"संस्थेचं काम आधी. मशीन तुमच्या एम.फिल.साठी आणलेलं नाही."

"मग मी माझा आवाज पुसतो."

"पुसा," ते म्हणाले. मान वर न करता म्हणाले. मी पुसणार नाही अशी त्यांना खात्री होती. गरज माझी होती ना.

मी खोलीत गेलो. कॉम्प्युटरच्या सरांनी काय चाललंय ते ओळखलं आणि खुर्चीवरून उठलेच. "अहो सर, निम्मं काम राहिलंय तुमचं! कशावर करणार?"

"माहीत आहे मला," मी म्हटलं, आणि फाईल पुसली. मशीननं विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की. ते तोंडानं म्हटलं आणि बटण बोटानं दाबलं.

हे शहाणपणाचं केलं असं मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. बायको म्हणते, घसा बसला तरी डोकं जाग्यावर ठेवायचं होतं. तिचं तिच्या जागी बरोबर आहे. पण त्या खोलीत मी आधी पेढ्यांचं ताट धरून उभा राहिलो होतो आणि नंतर सगळ्यांचं तोंड होऊन बसलो होतो. तिसरं काही व्हायची माझी तयारी नव्हती.

माईक बाजूला सारून मी दुसरं प्रकरण उघडलं आणि दोन बोटांनी टाईप करायला लागलो. अक्षर हुडकायचं, दाबायचं, पुन्हा हुडकायचं. मागं येऊन उभं राहायला आता कुणाला कारण उरलं नव्हतं. दुपारच्या घंटेपर्यंत जेमतेम पाऊण पान झालं. विभागप्रमुख निबंधाचे कागद घेऊन दारापर्यंत आले, पडद्याकडे बघितलं, माझ्या बोटांकडे बघितलं आणि परत गेले.

लघुप्रबंध विद्यापीठाच्या खिडकीवर मी शेवटच्या दिवशी दिला. टाईपिंगच्या चुका होत्या त्यात, पुष्कळ होत्या. खिडकीतल्या माणसानं पानं चाळली आणि विचारलं, "कुठं टाईप केलंत हे?"

"मीच केलं," मी म्हटलं, आणि पोच मागितली.