घरातल्या घरात दिलेली मुलगी

वृंदा गेल्याचा फोन तिच्या नवऱ्याने, अविनाशने केला. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. मी, तिची इथली मैत्रीण, कोलकात्यातल्याच बालीगंजहून दमदमला पोचले, तेव्हा तिच्या उशाशी शेजारच्या बंगाली बायका होत्या आणि न्यू टाउनला नोकरी करणारी तिची पुतणी, सई. सांगलीच्या सासरचं दुसरं कुणी आलं नाही, दहाव्यालाही नाही... महिना उलटला तरी माझा राग उतरत नाही.

ते सासर काही परकं नव्हतं. वडिलांची सख्खी बहीण, तिची आत्या, तीच सासू. "घरातल्या घरात आहे, मुलगी सुखात राहील," म्हणत सगळ्यांनी तिला आतेभावाला दिली. अविनाशची बँकेतून कोलकात्याला बदली झाली, तोवर तिची दोन बाळं जन्मून काही आठवड्यांतच गेली होती. तिसरं इथं झालं, तेही राहिलं नाही. आत्या म्हणाली, "आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं. हिचीच कूस वाईट." आपल्याच भावाच्या मुलीबद्दल ती हे बोलत होती.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "लग्नाआधी तुमचं नातं काय होतं?" मग समजावलं, की नात्यातल्या लग्नांतही बहुतेक मुलं धडधाकट होतात, पण एकाच आजी-आजोबांकडून आलेला दोष दोघांत लपलेला असेल, तर तो बाळात उघडा पडू शकतो. एकट्या आईकडे त्यात बोट दाखवता येत नाही. मी सोबत होते. वृंदा रडली नाही. एवढंच म्हणाली, "हे मला आधी कुणी का सांगितलं नाही गं?" अविनाशने आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने फोन ठेवून दिला.

पुढे त्याच घरात सईचं लग्न नणंदेच्या मुलाशी ठरू लागलं. वृंदा सांगलीला गेली आणि भर बैठकीत म्हणाली, "मला न सांगता केलंत, ते हिला न सांगता करू नका." नणंद फणकारली, "स्वतःचं झालं नाही, म्हणून दुसऱ्याचं मोडायला आलीस." सईने सगळं ऐकून घेतलं आणि नकार दिला. वृंदाला त्या घराचं दार कायमचं बंद झालं.

मुलं किती, असं कुणी विचारलं की वृंदा सांगायची, "तीन. एकही राहिलं नाही." विचारणारी बाई ओशाळायची, वृंदा कधीच नाही. परवा मी तिच्या घरी असताना नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्यांनी अविनाशला तेच विचारलं. तो "तीन," म्हणाला.