वाकल्याशिवाय सही नाही

टायरवाल्या मामांनी आयुष्यात एकही निवडणूक लढवली नाही, पण भर रस्त्यात मंत्र्यांना वाकायला लावणारा आमच्या कोहमाऱ्याच्या नाक्यावरचा तो एकमेव माणूस. नागपूर-रायपूर रस्त्याने जाणाऱ्या पुढाऱ्यांच्या गाड्या चहापाण्याला नाक्यावरच्या ढाब्यांपाशी थांबत. गाडी थांबली की मामा एक जुना फोटो दोन्ही हातांत धरून पुढे होत आणि त्यावर सही मागत. फोटो मात्र धरत आपल्या गुडघ्याच्या उंचीवर. सही करायची तर साहेबांना कमरेत वाकावंच लागे. "जरा वर धरा की," असं कोणी म्हटलं तर मामा गरीब चेहरा करून सांगत, "हात वर होत नाही साहेब. टायर उचलू उचलू खांदा गेला." त्याच खांद्यावरून ट्रकचं चाक नेताना मी त्यांना रोज बघत होतो.

माझा फोटो स्टुडिओ मामांच्या टायरच्या दुकानाला लागून होता, म्हणून हे सगळं मला बसल्या जागी दिसे. एकदा मी विचारलंच, "मामा, बिचाऱ्यांना वाकवता कशाला?" मामा म्हणाले, "सहीसाठी नाही वाकवत रे बाबू. या लोकाईसमोर वाकवतो. यांच्यासमोर कोन वाकला होता सांग बरं?"

हे लोक म्हणजे फोटोतली सौंदडची माणसं. छप्पन साली दीक्षेसाठी नागपूरला निघालेली. नॅरोगेजच्या छोट्या लाइनच्या फलाटावर गाडीची वाट बघत उभी होती, तेव्हा रेल्वेतल्या कुणा हौशी बाबूनं त्यांचा फोटो काढला. सगळ्यांच्या अंगावर पांढरे कपडे, पाय मात्र बहुतेकांचे अनवाणी. दुसऱ्या ओळीत डावीकडे एक तरुण बाई उभी होती, कडेवर वर्षा-दीड वर्षाचं मूल. ते मूल म्हणजे मामा आणि ती बाई त्यांची आई. पुढल्याच साली ती तापानं गेली. तिचा दुसरा फोटो नव्हता. मामांना आई आठवत नव्हती, त्यांना हा फोटो आठवत होता.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी पहिली सही मिळाली. तेव्हापासून मामांचा रिवाज ठरून गेला. नाक्यावर लाल दिवा दिसला की हातातला पाना खाली टाकायचा, कपड्याच्या साबणानं कोपरापर्यंत हात घासायचे, खिळ्यावर टांगलेला धुतलेला पांढरा सदरा चढवायचा आणि मगच पेटीतून फोटो काढायचा. ढाब्यावरची टवाळ पोरं ओरडत, "मामा, इस बार टिकट पक्का क्या?" मामा सदऱ्याच्या गुंड्या लावत लावतच त्यांना शिव्या घालत.

पक्षाचं त्यांना काही नव्हतं. एका आमदारानं विरोधकाची सही बघून तोंड वाकडं केलं, "याच्या बाजूला मी नाही करत." मामा म्हणाले, "बाजूले नोका करू, कोपऱ्यात करा. वाका तं खरं!" मागाहून मला म्हणाले, "पक्ष कोनताबी राहो, कंबर तं सगळ्याईले एकच रायते." एक म्हातारे पुढारी मात्र निराळे निघाले. पाठ धरली होती म्हणून त्यांना वाकता येईना, तर ते सरळ धुळीत गुडघे टेकून बसले, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत कोण, कुठले विचारत राहिले आणि सही करून फोटोला हात जोडले. त्या दिवशी मामा दुकानात जाऊन रडले.

सह्यांनी आधी फोटोची पांढरी किनार भरली, मग वरचं आभाळ भरलं. खालची फलाटाची पट्टी तेवढी मामा कोणाला देत नसत. "लोकाईच्या पायाखालची जागा सोडा साहेब, ते त्याईची हाय," असं प्रत्येकाला बजावत. मला धास्ती वाटायची. मी कितीदा म्हटलं, आपण याची नक्कल काढू, सह्या नकलेवर घ्या. त्यावर मामा, "नकलेसमोर वाकला तं वाकनंबी नक्कलच झालं ना?" पुढे मी कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणला, तरी त्यांनी फोटो त्याच्याखाली ठेवू दिला नाही. मशिनीचा उजेड फोटोला खातो, अशी त्यांची पक्की समजूत होती. फोटो पुसट होईल, आई पुसट होईल, या भीतीनं ते साध्या फ्लॅशपुढेही तो धरत नसत.

आणि मग ते निवडणुकीचे दिवस आले. एका बड्या नेत्याच्या गाडीचं चाक नेमकं आमच्या नाक्यावर बसलं. गाडी मामांच्याच दुकानापुढे लागली. साहेब काच लावून आत फोनवर बोलत बसले आणि मामांनी भर उन्हात उकिडवं बसून चाक काढलं, पंक्चर जोडलं, चाक चढवलं. मग हात घासले, सदरा घातला, फोटो काढला आणि गुडघ्याशी धरून दारापाशी उभे राहिले. दार उघडलं नाही. काच खाली झाली, आतून हात आला आणि फोटो आत गेला. साहेबांनी तो मांडीवर ठेवला, सोबतच्या माणसानं जाडं काळं मार्कर दिलं आणि फोनवरचं बोलणं न थांबवता, खाली न बघता, साहेबांनी सर्रकन सही ओढली. फोटो बाहेर आला, गाडी धूळ उडवत निघाली.

मामा तसेच फोटो घेऊन माझ्याकडे आले. सही दुसऱ्या ओळीवरून आडवी गेली होती. तिच्या पहिल्याच काळ्या गोळ्याखाली मामांची आई गडप झाली होती. कडेवरचं मूल तेवढं शाबूत राहिलं, कुणाच्याही आधाराशिवाय लोंबकळल्यासारखं. "पुसून दे," मामा म्हणाले. मी म्हटलं, पुसायला गेलो तर चेहराही निघून येईल. "मंग तुह्या काम्प्युटरवर काढ." आता उजेडाची भीतीही उरली नव्हती. मी म्हटलं, "काढून बघतो. पण चेहरा कसा होता ते सांगा. नाक, कपाळ, काहीतरी."

मामांनी फोटो दाराकडे नेऊन तिरपा धरून बघितला. मग म्हणाले, "मले का मालूम? मी तं फोटोतच पाहात होतो." त्या नेत्याचा मला आजही राग येतो. त्याला कळलंही नाही की आपण कुणाची आई पुसून चाललो आहोत.

फोटोतलं एकच माणूस तोवर हयात होतं. मामांच्या आईशेजारी उभी असलेली, तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली भागरता मावशी. तिला चेहरा आठवत असेल म्हणून आम्ही दोघं सौंदडला गेलो. मावशी अंगणात खाटेवर बसली होती. फोटो डोळ्यांपाशी नेऊन तिनं बराच वेळ न्याहाळला.

"तुह्या मायच्या हनुवटीवर गोंदन होतं," ती म्हणाली. "तू रडला का तू त्यालेच बोट लावून चूप होत होता." मामांचं बोट नकळत हवेत उठलं आणि तसंच राहिलं. मावशीनं मग बाकीच्या फोटोवरून हात फिरवला. "अन् हे काय गिचमिड करून ठेवलास रे?"

"सह्या हायेत मावशी. मोठमोठ्या लोकाईच्या."

"ते फोटोत होते का?"

मामांनी नाही म्हणून मान हलवली.

"फोटोत तं मी हाओ. मंग माही सही काऊन नाही घेतलीस? मले येते आता. साक्षरतेच्या वर्गात शिकली ना मी."

मामांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. बाकीचे फोटोतले लोक एकेक करून गेले होते, त्यातल्या कितीतरी जणांच्या मातीला मामा स्वतः गेले होते, आणि इतकी वर्षं हा माणूस रस्त्यावरच्या गाड्या अडवत होता. त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून मावशीला दिलं. मग खाटेपुढे जमिनीवर हातपाय टेकून ओणवे झाले आणि म्हणाले, "माह्या पाठीवर ठेव, मावशी. तू नोको वाकू."

मावशीनं फोटो त्यांच्या पाठीवर ठेवला. फलाटाच्या मोकळ्या पट्टीवर, आपल्याच अनवाणी पायांखाली, एकेक अक्षर जुळवत तिनं लिहिलं, भागरता. फार वेळ लागला. मामांची पाठ थरथरत होती, तर मावशी दटावून म्हणाली, "हालू नोको रे, पोरा."

त्यानंतर मामांनी नाक्यावर कोणाला फोटो दाखवला नाही. गोंदणाच्या भरवशावर मी कॉम्प्युटरवर दोन-तीन चेहरे करून बघितले. मामा प्रत्येक वेळी मान हलवत, "हे दुसऱ्याची माय हाय, बाबू." शेवटी मीच नाद सोडला. काही वर्षांनी मामा गेले, त्यांच्या आधी मावशी गेली होती. जाण्यापूर्वी मामांनी फोटोला माझ्याकडून काच बसवून घेतली आणि सौंदडच्या विहारात तो स्वतःच्या हातानं लावला, भिंतीवर अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

नवीन येणारी माणसं म्हणतात, फोटो इतका खाली कुणी लावतं का? वर घ्या जरा. पण गावातलं कोणी तो हलवत नाही. वरच्या सह्या आता कोणाला ओळखूही येत नाहीत. खालची तेवढी वाचता येते, पण उभ्यानं नाही. मी जातो तेव्हा वाकतो, ती वाचतो, आणि तिच्या वरच्या त्या काळ्या डागाला काचेवरून, हनुवटी असेल तिथं, बोट लावून येतो.